ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर घ्यायचे, तर किती पैसे मोजायचे?
रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहान वर्कशॉपसाठी खर्चाचा हिशेब

मिरकरवाड्याच्या बोटींना शाफ्ट आणि बुश करून देणारा लेथवाला, मिरजोळे एमआयडीसीत शेडचे ट्रस उभारणारा फॅब्रिकेटर, आंबा-काजू प्रक्रियेची यंत्रे बांधणारा कारखानदार. तिघांची कामे वेगळी, पण गिऱ्हाईक आता तिघांकडेही एकच मागणी करते : ‘ड्रॉइंगची फाइल पाठवा.’ लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ फाइल लागते, सीएनसीवाल्याला थ्रीडी मॉडेल लागते, मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला सही-शिक्क्याची पीडीएफ लागते. मग सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. एकीकडून विक्रेत्याचे भलेमोठे कोटेशन येते, दुसरीकडून कोणीतरी पेन ड्राइव्हवर ‘सगळे फुकट’ देऊ करतो.

मुद्दा आधीच मांडलेला बरा. लहान वर्कशॉपचे बहुतेक पैसे परवान्यावर जात नाहीत. ते शिकण्यात घालवलेल्या तासांवर, चुकलेल्या मापांवर आणि वाया गेलेल्या पत्र्यावर जातात. म्हणून आधी कामांची यादी करावी, सॉफ्टवेअरचे नाव शेवटी ठरवावे.

आधी ठरवा : तुमचे काम कोणत्या गटातले?

संगणकावर ड्रॉइंग किंवा मॉडेल करणे म्हणजे कॅड. त्या मॉडेलवरून मशिनला हत्यार कुठून कसे फिरवायचे हे सांगणे म्हणजे कॅम. तो भाग भार सोसेल का, वाकेल का, हे आधी तपासणे म्हणजे सीएई. तिन्ही एकदम लागतील असे वर्कशॉप विरळा.

पहिला गट फॅब्रिकेशनचा : गेट, ग्रिल, शेड, टाक्या, हॉपर. येथे सपाट, टूडी ड्रॉइंगवर बरेचसे भागते. पत्रा वाकवायचा असेल तर बेंडिंगची वजावट धरून उलगडलेला आकार काढून देणारे साधन हवे.

दुसरा गट सुट्या भागांचा : शाफ्ट, बुश, फ्लँज, पुली, गिअर. येथे आकार सोपा असतो, पण माप आणि फिट काटेकोर लागते. थ्रीडी मॉडेल कितीही देखणे असले तरी बुश शाफ्टवर सैल बसवायचा की घट्ट, हे त्यातून कळत नाही. ते ड्रॉइंगवर लिहावेच लागते. एच७/जी६ सारखी फिटची खूण आणि टॉलरन्स लिहायची सवय लावा, तिला खर्च शून्य आहे.

तिसरा गट यंत्रे बांधणाऱ्यांचा : काजू फोडणी, आंब्याचे ग्रेडिंग, पल्पर, कन्व्हेयर. येथे शंभरेक भाग एकमेकांत बसवायचे असतात. कोणता बोल्ट कशाला आडवा येतो ते थ्रीडी असेंब्लीत आधीच दिसते. या गटाला चांगल्या थ्रीडी सॉफ्टवेअरचा फायदा सर्वांत जास्त होतो. कोकणाला अशी साधने घडवण्याची परंपरा आहे. हापूस देठासकट उतरवणारा ‘नूतन झेला’ दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिला आणि तो बागाबागांत पोहोचला. अशा साध्या अवजाराची सुधारित आवृत्ती काढायची असेल, तरी पहिल्या नमुन्याचे नेमके ड्रॉइंग जपलेले असावे लागते.

शून्य रुपयांत काय मिळते?

आधी ही साधने वापरून पाहा. त्यांचा धंद्यात वापर पूर्णपणे कायदेशीर आहे.

लिब्रेकॅड : फक्त टूडी. गेट-ग्रिल, प्लेट, फ्लँज यांना पुरेसे. डीएक्सएफ फाइल देते, म्हणजे लेझर, प्लाझ्मा आणि वायरकट करणाऱ्यांचे काम भागते. जुन्या संगणकावरही चालते.

फ्रीकॅड : थ्रीडी मॉडेल, ड्रॉइंगची पाने, असेंब्ली, भाराची तपासणी आणि मिलिंगचा कॅम, सगळे एकात. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. आधीच्या आवृत्त्यांत एखादे जुने माप बदलले की पुढचे भोक-खाच भलतीकडे जाण्याचा त्रास फार होता. तो तिच्यात बराच कमी झाला आणि असेंब्लीची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली. पत्राकामासाठी वेगळी जोडणी फुकट बसवता येते. शिकायला मात्र ते विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळ घेते.

ओस्डॅग : आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून तयार झालेले पोलादी बांधकामाचे सॉफ्टवेअर. आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकाप्रमाणे बोल्ट आणि वेल्डच्या जोडांचा हिशेब करून अहवाल देते. शेड उभारणाऱ्यांनी अवश्य पाहावे. मात्र शेडच्या डिझाइनवर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही लागतेच. सॉफ्टवेअरचा अहवाल तिची जागा घेत नाही.

डीपनेस्ट : एका पत्र्यावर जास्तीत जास्त भाग कसे मांडायचे ते काढून देते. पत्राकाम करणाऱ्याचे पैसे सर्वांत लवकर येथे वाचतात. पुढे हिशेब दिला आहे.

‘फुकट’मागच्या अटी

काही मोठ्या कंपन्या त्यांच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती देतात. अटी न वाचता ती धंद्याला लावू नका.

ऑटोडेस्क फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती फुकट आहे, पण ती छंदासाठी. व्यावसायिक कामाला परवानगी नाही आणि एका वेळी १० फाइल्सच संपादनासाठी उघड्या ठेवता येतात. ऑनशेपच्या फुकट खात्यावरची ड्रॉइंग सर्वांना दिसतात. तुमच्या यंत्राचे गुपित जगापुढे मांडण्याची तयारी असेल तरच ते घ्या. सॉलिड एजची कम्युनिटी आवृत्ती आणि विद्यार्थ्यांना मिळणारे परवानेही बिगर-व्यावसायिक वापरापुरते असतात. मुलगा इंजिनीअरिंगला आहे म्हणून त्याच्या कॉलेजच्या खात्यावर वर्कशॉपचे काम करणे हा परवान्याचा भंगच ठरतो.

पैसे देऊन घ्यायचे तर

परवाने दोन प्रकारचे. एक वर्गणीचा : वर्षाला पैसे भरा, थांबलात की सॉफ्टवेअर बंद. दुसरा कायमचा : एकदाच पैसे, आणि नव्या आवृत्त्या हव्या असतील तर वर्षाचे देखभाल शुल्क. ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमचे परवाने विकणे थांबवले. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी डीडब्ल्यूजी फाइलवर चालणारी पर्यायी सॉफ्टवेअर कायमच्या परवान्यातही मिळतात. गिऱ्हाईक डीडब्ल्यूजी फाइलच मागत असेल तर त्यांचे कोटेशन जरूर घ्या.

केवळ टूडी लागत असेल आणि ऑटोकॅडच हवे असेल, तर ‘ऑटोकॅड एलटी’ मागा. अमेरिकेतल्या जाहीर दरांत पूर्ण ऑटोकॅडची वर्षाची वर्गणी दोन हजार डॉलरच्या घरात, तर एलटीची पाचशे डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे साधारण चौपट फरक. भारतातले दर वेगळे असतात, पण पूर्ण ऑटोकॅड आणि एलटी यांची कोटेशन शेजारी ठेवली की फरक लक्षात येतो. सॉलिडवर्क्ससारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरचा खर्च याहून बराच वरचा. दिवसातले काही तास त्यावर कोणीतरी खरोखर बसणार असेल तरच तो परवडतो.

कोटेशनवरच्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का, ते पाहा. चाळीस हजारांच्या वर्गणीवर ७,२०० रुपये जीएसटी, म्हणजे हातातून ४७,२०० जातात. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर ७,२०० इनपुट क्रेडिट म्हणून वळते होतात. कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाहीत. परदेशी संकेतस्थळावरून डॉलरमध्ये घेतले तर कार्डावरचे परकीय चलन शुल्क आणि नोंदणीकृत व्यावसायिकाने उलट आकारणीने भरायचा जीएसटी, दोन्ही हिशेबात धरा.

संगणक, वीज आणि खारी हवा

टूडीला कोणताही बरा संगणक चालतो. थ्रीडीसाठी १६ जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्या. साठ ते ऐंशी हजारांच्या टप्प्यात काम होते, मात्र रॅमचे दर वर-खाली होतात म्हणून दोन दुकानांचे कोटेशन घ्या. मोठ्या असेंब्ली करणार असाल तर आधी रॅम वाढवा.

रत्नागिरीत संगणकाच्या किमतीवर आणखी तीन खर्च धरावे लागतात. पहिला यूपीएसचा. पावसाळ्यात वीज जाते-येते आणि अर्धवट जतन झालेली फाइल दिवसाचे काम बुडवते. दुसरा जागेचा. ग्राइंडरची लोखंडी धूळ वीजवाहक असते, ती पंख्यातून आत गेली की मदरबोर्ड जातो. संगणक वेगळ्या केबिनमध्ये, दार लावून ठेवा. तिसरा बॅकअपचा. दमट, खाऱ्या हवेत एकट्या हार्ड डिस्कवर भरवसा ठेवू नये. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर ठेवा. ड्रॉइंगच्या फाइल लहान असतात, क्लाउडवरच्या फुकट जागेत वर्षानुवर्षांची मावतात.

शिकण्याचा खर्च

बहुतेक जण हाच खर्च विसरतात. टूडी सॉफ्टवेअर रोज तासभर बसून महिन्या-दीड महिन्यात हाताला बसते. थ्रीडी पार्ट आणि असेंब्ली यांना तीन-चार महिने धरा. कोणाला शिकवायचे ते ठरवताना माझे मत स्पष्ट आहे : ज्याला व्हर्निअर धरता येतो आणि ज्याने लेथवर काम केले आहे, त्या फिटरला आधी शिकवा. माप कुठून धरायचे, हत्यार कुठे पोहोचणार नाही, हे त्याला ठाऊक असते. ते ज्ञान संगणकाच्या वर्गात मिळत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे फुकट आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही ऐकता येतात. एनपीटीईएलवर डिझाइन आणि उत्पादनाचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात, फी फक्त परीक्षेची. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआय आणि फिनोलेक्स अकॅडमी, आंबवला राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी खरा प्रश्न हवा असतो. तुमच्या यंत्राचे मोजमाप घेऊन थ्रीडी मॉडेल करणे हा चांगला प्रकल्प होऊ शकतो. विभागप्रमुखांना पत्र द्या, पण ती फाइल तुम्ही धंद्यात वापरणार हे आधी सांगा, म्हणजे ते काम मुक्त सॉफ्टवेअरवर करवून घेता येईल.

बाहेरून करून घेतले तर?

महिन्याला चार-पाचच ड्रॉइंग लागत असतील तर बाहेरच्या ड्राफ्ट्समनकडून करून घेणे स्वस्त. गुंतागुंतीचा डाय किंवा मोल्ड असेल तर छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम डिझाइन आणि जॉबवर्क दोन्ही करते.

मात्र एक अट लेखी घाला : पैसे पूर्ण झाले की संपादन करता येणारी मूळ फाइल, थ्रीडीची स्टेप फाइल, डीएक्सएफ आणि पीडीएफ अशा चारही प्रती तुमच्या ताब्यात मिळतील. स्टेप हे आयएसओ १०३०३ मानकातले स्वरूप असल्याने ते जवळपास प्रत्येक थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडते. केवळ पीडीएफ घेतली तर पुढच्या वेळी एक भोक सरकवायलाही त्याच माणसाकडे पुन्हा पैसे मोजावे लागतात.

कास्टिंग कोल्हापूरहून करून घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीला ड्रॉइंग पाठवताना दिलेली मापे तयार भागाची आहेत की पॅटर्नची, हे ठळक लिहा. साधे बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. ३०० मिलिमीटरच्या भागाला पॅटर्न ३०३ चा लागतो, वर मशिनिंगसाठी सोडायचा जादा माल वेगळा. थ्रीडी मॉडेल १.०१ पट मोठे करणे हे एका मिनिटाचे काम आहे. ते दोनदा झाले किंवा एकदाही झाले नाही, तर आंबा घाटातली फेरी आणि कास्टिंग दोन्ही वाया जातात.

हिशेब मांडून पाहू

खालचे दर रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

परवाना की बाहेरून काम? बाहेरचे एक ड्रॉइंग ४०० रुपये धरू आणि वर्गणी जीएसटीसह ४७,२००. ४७,२०० भागिले ४०० म्हणजे ११८. वर्षाला ११८ ड्रॉइंग, म्हणजे महिन्याला दहाच्या आसपास काम असेल तेव्हा वर्गणी बाहेरच्या कामाच्या बरोबरीला येते. त्यातही ड्रॉइंग करणाऱ्या तुमच्या माणसाचा वेळ धरलेला नाही. तो धरला की आकडा आणखी वर जातो. महिन्याला दहापेक्षा कमी ड्रॉइंग असतील तर फुकटचे सॉफ्टवेअर किंवा बाहेरचा ड्राफ्ट्समन, यांतूनच निवड करा.

पत्र्याची बचत किती? आंब्याच्या पल्परसाठी लागणारा ३०४ स्टेनलेसचा २ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा एक पत्रा सुमारे ४७ किलो भरतो. हाताने मार्किंग करून २० टक्के वाया जात होता आणि संगणकावर मांडणी करून तो १२ टक्क्यांवर आला, असे धरू. पत्र्यामागे पावणेचार किलो वाचले. दर किलोला २५० आणि भंगाराचे १०० मिळतात असे धरले तर निव्वळ बचत किलोला १५०, म्हणजे पत्र्यामागे सुमारे ५६० रुपये. महिन्याला चार पत्रे लागत असतील तर वर्षाला २७ हजारांच्या आसपास. फुकटचे सॉफ्टवेअर आणि जुना संगणक यांतूनही हे साधते. म्हणूनच पत्राकाम करणाऱ्याने सुरुवात मांडणीपासून करावी.

कॅम आणि थ्रीडी प्रिंटर : घाई नको

सीएनसी लेथवरचे सोपे टर्निंग चांगला ऑपरेटर कंट्रोलवर थेट प्रोग्रॅम टाइप करून करतो. त्यासाठी कॅमवर खर्च करू नका. मिलिंगवर वळणदार पृष्ठभाग करायचे असतील तेव्हाच कॅम घ्या. घेताना तुमच्या मशिनच्या कंट्रोलसाठी पोस्ट-प्रोसेसर किमतीत धरला आहे का, ते विचारा. तो नसेल तर कॅमने काढलेला मार्ग मशिनला कळतच नाही, आणि नंतर त्याचे वेगळे पैसे मागितले जातात.

थ्रीडी प्रिंटरवर लहान पॅटर्न आणि फिट तपासण्याचे नमुने छान होतात. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत प्लास्टिकची तार ओल धरते आणि छपाई बिघडते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च धरा. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून मे महिन्यात त्याचा नमुना बंद गाडीत ठेवू नका.

चोरीच्या प्रतीची किंमत

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय कंपनी नुकसानभरपाई मागते ती वेगळी. अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात आणि सगळी ड्रॉइंग अडकवून खंडणी मागणारे प्रोग्रॅमही येतात. मोठ्या कंपनीचे काम घ्यायचे असेल तर परवान्याची पावती मागितली जाऊ शकते. फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे कोणतेही कारण उरत नाही.

कर, अनुदान, संरक्षण

संगणक आणि त्याबरोबर घेतलेले कायमच्या परवान्याचे सॉफ्टवेअर यांवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. वार्षिक वर्गणी साधारणपणे त्याच वर्षाचा खर्च म्हणून दाखवतात. सीएला दोन्ही मार्गांचा हिशेब करायला सांगा.

उद्यम नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कोणा एजंटला पैसे देऊ नका. यंत्रसामग्रीच्या कर्जाला जोडलेल्या पीएमईजीपी आणि सीएमईजीपी या अनुदान योजनांचे चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात मिळतात. प्रकल्प अहवालात संगणक आणि सॉफ्टवेअर सुरुवातीलाच लिहा.

यंत्राचे बाह्यरूप तुमचे स्वतःचे असेल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करता येते. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला अर्जाची सरकारी फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षे आणि पुढे ५ वर्षे वाढवून मिळते. अर्ज मात्र यंत्र प्रदर्शनात मांडण्यापूर्वी करायला हवा. ही नोंदणी रूपाला असते. कार्यपद्धतीसाठी पेटंटचा मार्ग वेगळा.

कोटेशन घेताना हे विचारा

वर्गणी की कायमचा परवाना, आणि दुसऱ्या वर्षीचा दर काय? परवाना एका संगणकाला बांधलेला की माणसाला? संगणक बिघडला तर तो दुसरीकडे हलवायला किती दिवस आणि किती पैसे? वर्गणी थांबली तर माझ्या फाइल उघडतील का? प्रशिक्षण रत्नागिरीत येऊन देणार की फोनवर, आणि किती तास? चाचणीसाठी किती दिवस फुकट? चाचणीच्या काळात विक्रेत्याची नमुना फाइल पाहत बसू नका. तुमच्याच वर्कशॉपमधला एक अवघड भाग त्याच्यासमोर काढायला सांगा.

फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मिळत नाही. मात्र स्वतःच्या रोजगारासाठी, केवळ उपजीविकेला घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. एकट्याने लेथ चालवणाऱ्या कारागिराने बिल, कोटेशन आणि ईमेल जपून ठेवावेत. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तेच उपयोगी पडतात.

कुठून सुरुवात करावी?

पहिल्या महिन्यात काहीही विकत घेऊ नका. गेल्या वर्षातली चुकलेली आणि परत आलेली कामे वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा : माप चुकले, फिट चुकला, भाग एकमेकांत बसले नाहीत, पत्रा वाया गेला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एका फिटरला लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड शिकू द्या आणि वारंवार लागणाऱ्या दहा भागांची ड्रॉइंग करून घ्या. चौथ्या महिन्यात वही पुन्हा उघडा. माप आणि पत्रा यांचे प्रश्न सुटले असतील तर तेवढ्यावर थांबा. असेंब्लीचे प्रश्न उरले असतील आणि महिन्याची ड्रॉइंग दहाच्या वर गेली असतील, तर विकतच्या थ्रीडी सॉफ्टवेअरची कोटेशन मागवा. तोवर तुमच्या माणसाला काय विचारायचे ते कळू लागलेले असेल, आणि विक्रेत्याशी भाव करताना तेच तुमची बाजू भक्कम करील.